शंभर मीटरच्या आतलं घर: कसबा पेठेतल्या एका दुरुस्तीची हकिगत

आमचं घर पुण्याच्या कसबा पेठेत, शनिवारवाड्याच्या इतकं जवळ की पटांगणात सभा असली की भाषण घरबसल्या ऐकू येतं. रुंदी चौदा फूट, लांबी अडतीस. तळमजला आणि वर कौलांखालचा एक मजला. दोन्ही बाजूंच्या भिंती सामाईक, तोंड उत्तरेला बोळात, मागे हातभर रुंदीची घळ. उजेड आत यायला पुढचं दार, पुढच्या खिडक्या आणि मागचा एक झरोका, बस्स. मधल्या खोलीत भर दुपारी बाराला ट्यूब लागायची आणि त्या ट्यूबखालीच मुलीची दहावी झाली.

जानेवारी २०२३ मध्ये दुरुस्तीचं मनावर घेतलं आणि जून २०२४ मध्ये परत राहायला आलो. पेठेत अशी अरुंद, अंधारी घरं पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना 'आपल्याला काही करताच येत नाही' असं वाटतं. म्हणून हे क्रमाने लिहिते आहे, कागदपत्रांच्या कंटाळ्यासकट.

आधी घराची कुंडली. मूळ वाडा एकच होता. आजेसासऱ्यांच्या पिढीत वाटण्या झाल्या आणि आमच्या वाट्याला ही पट्टी आली. वाटणीत चौकसुद्धा (वाड्याच्या मधलं उघडं अंगण) वाटला गेला! मधोमध चार इंची भिंत घालून अर्धा चुलत दिरांकडे, अर्धा आमच्याकडे. आमचा तुकडा पाच फूट बाय सात फूट. पुढे १९८०च्या दशकात त्यावर पत्रे पडले, खाली मोरी आणि संडास आले. तेव्हाची गरज ती होती, त्याबद्दल कुणाला दोष द्यायचं कारण नाही. पण त्या पत्र्यांनी घराचा सगळा उजेड बंद केला. घराचा पुढचा भाग सागवानी खांब-तुळया, कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेलं छत) आणि पांढऱ्या मातीच्या दीड फुटी भिंतींचा. मागचा भाग १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुरानंतर विटांत बांधलेला. एकाच घरात दोन जातींची बांधकामं. हे पुढे महागात पडलं, ते सांगतेच.

पहिल्या ठेकेदाराने घर दहा मिनिटांत पाहिलं आणि म्हणाला, "पाडा हो वहिनी, तीन मजले बांधून देतो." शनिवारवाड्यापासूनच्या शंभर मीटरच्या नियमाचं काय, असं विचारल्यावर "ते आपण बघू" म्हणाला. आमच्या गल्लीत या नियमाच्या जितकी घरं तितक्या आवृत्त्या आहेत. कुणी सांगतं खिळाही ठोकता येत नाही, कुणी सांगतं सगळं होतं फक्त माणूस ओळखीचा हवा. 'बघू' या शब्दावर एकोणीस-वीस लाख लावायची आमची तयारी नव्हती, म्हणून आधी आर्किटेक्ट गाठल्या. जुन्या वाड्यांची कामं केलेल्या बाई होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत नियम कागदावर लिहून दिला, तो असा.

शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१०मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार संरक्षित हद्दीपासून सगळ्या बाजूंना १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. मोजमाप सुरू होतं ते हद्दीपासून, वाड्याच्या दिल्ली दरवाजापासून नव्हे, हे लक्षात ठेवा. नियंत्रित पट्ट्यात परवानगी घेऊन नवं बांधकाम होऊ शकतं. प्रतिबंधित पट्ट्यात खासगी माणसाला नवं बांधकाम किंवा पाडून पुन्हा बांधणं, दोन्ही बंद. पण १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण परवानगी घेऊन करता येतं. नूतनीकरण म्हणजे आहे त्या इमारतीत केलेले बदल. थोडक्यात घर वर जाणार नाही, बाहेर येणार नाही, कोसळू द्यायचं नाही, आणि आत काय करायचं ते करा.

आम्ही शंभराच्या आत आहोत हे 'स्मारक' नावाच्या सरकारी मोबाइल अॅपवर तपासलं. स्वतः टेप घेऊन गल्लीत फिरण्यापेक्षा ते बरं. आमचं घर महापालिकेच्या वारसा यादीत नाही, हेही बाईंनी त्याच आठवड्यात पाहून घेतलं. यादीत असतं तर आणखी एक वाट चालावी लागली असती. भाडेकरूही नव्हता. ज्यांच्याकडे जुने भाडेकरू आहेत त्यांनी त्यांना विश्वासात घेतल्याशिवाय नकाशासुद्धा काढू नये, असं मी म्हणेन.

मजला वाढणार नाही हे कळल्यावर घरात सुतक आल्यासारखं झालं. नवऱ्याने दोन दिवस विषयच काढला नाही. सासूबाई मात्र म्हणाल्या, "वर जाता येत नाही ना, मग आधी आतला पसारा काढा." त्यांना पसारा म्हणजे माळ्यावरची पितळी भांडी म्हणायचं होतं. पण आर्किटेक्ट बाईंचं मत वेगळ्या वाटेने तिथेच येत होतं. त्यांनी जुन्या भिंती काळ्या शाईने आणि मागाहून आत घातलेलं सगळं लाल शाईने काढलेला नकाशा समोर ठेवला. पत्रे, मोरी, आडवे माळे, प्लायवूडचं छत, फळ्यांची आडभिंत, सगळं लाल. ते लाल काढलं की जागा किती होते, ते आधी बघू म्हणाल्या.

मग कागद. ऑनलाइन मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढली. डिजिटल सहीची प्रत अगदी थोड्या पैशांत मिळते आणि सगळीकडे चालते. तिच्यावर नाव अजून सासऱ्यांचं, त्यांना जाऊन आठ वर्षं झालेली. नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज केला: मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्या वारसांचे पत्ते. नोटीस निघते, हरकतीची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं, मग नोंद. साताऱ्याच्या नणंदबाईंचं नावही वारस म्हणून लागलं आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला त्यांचं संमतीपत्र जोडावं लागलं. त्यांनी न कुरकुरता सह्या केल्या. हे सगळं एप्रिलअखेर उरकलं. ज्यांच्या घरावर अजून आजोबांचं नाव आहे त्यांनी दुरुस्ती करायची असो वा नसो, हे काम आजच लावून टाकावं.

घर १९९२च्या आधीचं आहे याचा पुरावा कुठून आणायचा ही दुसरी चिंता. सासऱ्यांना कागद जपायची सवय होती. पत्र्याच्या ट्रंकेत घरपट्टीच्या १९७४पासूनच्या पावत्या तारेत ओवलेल्या सापडल्या आणि वीज मंडळाचं १९८७चं बिल मिळालं. घरपट्टीच्या पावत्यांवर मिळकतीचा क्रमांक असतो, त्यामुळे त्या फार उपयोगी पडतात. सगळ्याचं स्कॅनिंग केलं आणि पावत्या परत तारेत ओवून ठेवल्या.

तिसरा कागद शेजारच्यांचा. सामाईक भिंतीत तुळयांची टोकं आहेत, तिथे हात लावायचा तर चुलत दिरांची संमती हवी. भाऊजी माणूस सरळ, पण वाटणीतल्या जुन्या गोष्टी कुठे ना कुठे असतातच. आम्ही दोघं नारळ-पेढे घेऊन रीतसर गेलो. नकाशा त्यांच्यासमोर उलगडला. त्यांची एकच अट होती: त्यांच्या बाजूचा गिलावा हलला तर आमच्या खर्चाने करून द्यायचा. तसं शंभरच्या स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केलं (२०२३ची गोष्ट, आता पाचशेचा घ्यावा लागतो). आर्किटेक्ट बाईंच्या सांगण्यावरून त्यांच्या भिंतींवरच्या आधीपासूनच्या भेगांचे तारखेसकट फोटो काढले आणि त्याची एक प्रत त्यांनाही दिली. पुढे एका भेगेवरून कुजबुज सुरू झाली तेव्हा फोटो उघडला आणि दोन मिनिटांत विषय मिटला. ही युक्ती अवश्य करा.

मे २०२३च्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला. सोबत मालकीचे कागद, स्मारकापासूनचं अंतर दाखवणारा नकाशा, घराचे आहे तसे आणि होणार तसे नकाशे, चारही बाजूंचे फोटो. अर्ज राज्यासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. कायद्याप्रमाणे त्याने तो पंधरा दिवसांत दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस कळवायची आणि मग महिनाभरात निर्णय. बेरीज साडेतीन महिने. आम्हाला जवळपास तेवढेच लागले. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात परवानगी आली. मधे पाहणी झाली, उंचीबद्दल एक शंका विचारली गेली. चौकावर आम्ही काचेचं छत दाखवलं होतं, ते आढ्याच्या वर जातंय का असं विचारलं होतं. बाईंनी आधीच ते आढ्याच्या सव्वा फूट खाली काढलं होतं, तसा छेद (घर उभं कापल्यासारखा नकाशा) पाठवला आणि शंका मिटली. एक मध्यस्थ याच काळात 'महिन्यात काढून देतो' म्हणून घरी येऊन गेला. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

वाट बघण्याचा हा काळ मला सगळ्यात जड गेला. रोज सकाळी तो ट्यूबचा खटका दाबताना वाटायचं, कशाला या फंदात पडलो. पण साडेतीन महिने फुकट गेले नाहीत. स्ट्रक्चरल इंजिनिअरने प्रत्येक खांब-तुळई ठोकून बघितली, सुताराचा शोध झाला, चुना भिजत घालायची सोय लावली. आणि आवराआवर केली. पन्नास वर्षांचा पसारा आवरायला एक पावसाळा पुरत नाही, एवढंच सांगते.

सप्टेंबरात महापालिकेची दुरुस्ती परवानगी झाली. हातात दिल्लीची परवानगी असली की पुढचं सोपं जातं. १९ सप्टेंबरला गणपती बसले. उत्सवात पेठेत टेंपो शिरत नाही आणि कारागीरही मिळत नाहीत, तेव्हा ते दिवस धरूच नयेत. दसऱ्याला, २४ ऑक्टोबरला, घरात कुदळीची पूजा केली आणि धनकवडीत चौदा हजार भाड्याच्या वन बीएचकेत राहायला गेलो. सासूबाई "मला त्या लिफ्टच्या डब्यात कोंडू नका" म्हणून साताऱ्याला लेकीकडे गेल्या.

काम सुरू झालं ते लाल शाईचं. आधी चौकावरचे पत्रे. पत्रे निघाले त्या दुपारी मी तिथे होते. चाळीस वर्षांची काजळी धरलेली भिंत, तिच्यावर मोरीच्या पाण्याचे ओघळ, आणि या सगळ्यावर ऊन. घर इतकं गलिच्छ आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं!

राडारोड्याचं गणित आधीच मांडून ठेवा. आमच्या बोळात 'छोटा हत्ती' टेंपोसुद्धा येत नाही. बिगाऱ्यांनी घमेल्याने कोपऱ्यापर्यंत न्यायचं, तिथून रात्री टेंपोत. पांढरी माती वेगळी ठेवली, कारण तीच चाळून परत भिंतींना वापरायची होती. बाकीचा राडारोडा महापालिकेच्या वाघोलीच्या प्रक्रिया प्रकल्पाकडे पाठवला. ठेकेदार स्वस्तात 'कुठेतरी टाकतो' म्हणतात. ते कुठेतरी म्हणजे बहुधा नदीकाठ असतो, म्हणून आम्ही पावती दाखवल्याशिवाय टेंपोचे पैसे दिले नाहीत. नेण्या-आणण्यावर एकूण सत्तर हजार गेले.

दिवाळीला सगळे कारागीर गावी. परत आले ते नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आणि मग लागला तो तुळईचा प्रसंग.

मधल्या खोलीची मुख्य तुळई सामाईक भिंतीत जाते. बाहेरून सागवान ठणठणीत. सुतारकाकांनी भिंतीलगतचा गिलावा खरवडला आणि पटाशीचं टोक लाकडात दाबलं. पटाशी मुठीपर्यंत आत गेली. ओढली तर तिच्यासोबत तपकिरी भुसा. मोरीचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीत मुरत होतं आणि तुळईचं टोक आतल्या आत कुजलं होतं. वाळवी मागाहून आली होती. या तुळईवर वरच्या मजल्याचा अर्धा भार. काम थांबवलं, इंजिनिअर संध्याकाळी आला. तुळई पूर्ण बदलायची तर वरचा कडीपाट उतरवावा लागणार, म्हणजे काम दुरुस्तीच्या बाहेर जाण्याचा धोका. त्याने मार्ग काढला तो असा. दोन्ही बाजूंना टेकू, टेकूंखाली जॅक, तुळईचं कुजलेलं अडीच फूट कापायचं आणि जुन्याच सागवानाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडायचा, दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या आणि आरपार बोल्ट.

जॅक फिरवताना सगळे गप्प होते. सुतारकाका वर कान लावून, हाताने खुणा करत, "एक सूत... थांब... अजून अर्धं." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वरच्या मजल्यावर कुठेतरी कडी करकरली. भाऊजी त्यांच्या बाजूने भिंतीवर हात ठेवून उभे होते आणि मधूनमधून ओरडून "काही नाही, काही नाही" सांगत होते. दोन सुतांवर थांबले, कुजकं टोक मोकळं झालं. अशी आणखी तीन टोकं निघाली. लाकूड आणि सुतारकामाचा अंदाज तीन लाखांचा होता, तो पाच लाख दहा हजारांवर गेला तो इथे. जुन्या घराच्या अंदाजपत्रकात लाकडाच्या रकमेला दीडपट धरून ठेवा. जुनं सागवान मात्र बाजारात विकायची घाई करू नका. आमच्याच पाडलेल्या माळ्यांच्या कड्या या सांध्यांना लागल्या, नाहीतर नवीन सागवान घनफुटाला चार हजारांच्या वर सांगत होते.

मागच्या विटांच्या आणि पुढच्या मातीच्या भागाचा सांधा हेही दुखणं होतं. सिमेंटचा गिलावा मागच्या भागात होता तसाच पुढेही एका भिंतीवर कधीतरी मारला होता, आणि नेमकी तीच भिंत खालून फुगलेली. मातीची भिंत ओल शोषते आणि सोडते. वरून सिमेंट मारलं की ओल आत अडकते, क्षार बाहेर येतात, गिलावा सुटतो. पुढच्या भागाला म्हणून चुन्याचाच गिलावा केला. चुना महिनाभर पाण्यात मुरवावा लागतो आणि गिलावा वाळायला सिमेंटपेक्षा कितीतरी सावकाश लागतो. दर चौरस फुटाला दीडशेच्या आसपास पडला. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला वेळ लागतो, तो आधी शोधा आणि मगच बाकीच्यांच्या तारखा ठरवा.

आता उजेडाचं. मला वाटायचं, वर उघडं केलं की खाली ऊन येणार. बाईंनी छेदावर सूर्य काढून दाखवला. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला कलून साधारण ४८ अंशांवर असतो. आमच्या चौकाची उत्तर-दक्षिण लांबी सात फूट, भिंतींची उंची सतरा. म्हणजे हिवाळ्यात ऊन उत्तरेकडच्या भिंतीच्या वरच्या आठेक फुटांवर पडणार आणि तिथेच थांबणार. फरशीपर्यंत पोचणारच नाही. उलट मेच्या मध्याला आणि जुलैअखेर सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर. जुलैत ढग असतात, पण मेमध्ये चौक तापणार. तेव्हा खाली उजेड यायचा तर तो भिंतीवरून परतून यायला हवा. म्हणून त्या उत्तरेच्या भिंतीला पांढराशुभ्र चुना, खाली फिकट शहाबादी, आणि चौकाकडे उघडणाऱ्या खोल्यांच्या भिंतीत मूळच्या रुंद कमानी होत्या त्या बुजवलेल्या, त्या मोकळ्या केल्या. मला भिंतीला छान वीटकरी रंग हवा होता. छेद पाहिल्यावर हट्ट सोडला.

छत म्हणून पॉलिकार्बोनेट की काच यावर घरात बरेच दिवस वाद चालला. पॉलिकार्बोनेट निम्म्या पैशांत होत होतं, पण ते पिवळं पडतं आणि पावसात ताशे वाजतात. शेवटी लॅमिनेटेड टफन्ड काच घेतली. फुटली तरी तुकडे मधल्या पडद्याला धरून राहतात, डोक्यावर पडत नाहीत. काचेला पन्हळीकडे उतार, आणि काच व भिंत यांच्यात चारही बाजूंनी फूटभर मोकळी पट्टी, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाते. त्या पट्टीला स्टीलची जाळी, कारण पेठेतली कबुतरं. लोखंडी सांगाड्यासह एक लाख पस्तीस हजार. मेसाठी काचेखाली दोरीने सरकणारा मांजरपाटाचा पडदा सासूबाईंनी सुचवला, शिवलाही त्यांनीच, आणि खरं सांगायचं तर सगळ्या कामातली पैसा वसूल गोष्ट तीच आहे. वरच्या मजल्यावर छपरात मध्ये मध्ये काचेची कौलं बसवली. अडीचशेला एक मिळालं. जिथे अभ्यासाचं टेबल, तिथे उत्तरेच्या उतारावर दोन.

जागा कुठून मिळाली ते लोक विचारतात, कारण चौकातली पस्तीस चौरस फूट जागा तर आम्ही उलट सोडून दिली. मोरी-संडास मागच्या विटांच्या भागात गेले. तिथे ड्रेनेजच्या पाइपला उतार मिळत नव्हता, म्हणून न्हाणीघराची फरशी सहा इंच उचलावी लागली. पायरी आहे, पाहुण्यांना सांगावं लागतं. मधल्या खोलीतले साडेसहा फुटांवरचे माळे गेले. वरच्या मजल्यावरची फळ्यांची आडभिंत भार घेत नव्हती, ती काढली आणि दोन कोंदट खोल्यांची एक लांब खोली झाली. प्लायवूडचं छत उतरवल्यावर आढ्याखाली इतकी उंची निघाली की मुलीसाठी तिथे लाकडी माळा झाला, वर गादी, खाली कपाट. आणि जिन्याखालचं प्लायवूडचं कपाट काढताना मागे भिंतीतलं जुनं फडताळ सापडलं, दारांसकट, आत १९६८ची दिनदर्शिका. दीड फुटी मातीची भिंत कोरून नवीन कपाट करू नका, भिंत कमजोर होते. पण पूर्वजांनी ठेवलेले कोनाडे आणि फडताळं बहुधा कशाच्या तरी मागे असतातच. ठोकून बघा, पोकळ आवाज येतो.

हिशेब सांगते. लाकूड-सुतारकाम पाच लाख दहा, गवंडीकाम-चुना-फरशी चार लाख साठ, छप्पर दोन लाख तीस, नळ-ड्रेनेज-न्हाणीघर दोन लाख वीस, वीज एक लाख दहा, काच आणि राडारोडा वर आलेच. आर्किटेक्ट एक लाख चाळीस, इंजिनिअर पस्तीस हजार, कागदपत्रं-नोटरी-झेरॉक्स वीसेक हजार. सगळे मिळून एकोणीस लाख तीस हजार. अंदाज साडेपंधराचा होता. धनकवडीचं भाडं वेगळं. सहा लाख घरदुरुस्तीचं कर्ज काढलं. जुन्या करप्रणालीत राहिलात तर दुरुस्तीच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट वर्षाला तीस हजारांपर्यंतच मिळते; घर घेतल्याच्या कर्जाची दोन लाखांची मर्यादा इथे लागत नाही. बँकेतला माणूस हे आपणहून सांगत नाही.

मेअखेर रंग उरकला, ७ जूनच्या आसपास पहिला वळीव झाला आणि काचेच्या सांगाड्याच्या एका कोपऱ्यातून पाणी आलं. पन्हळीचा जोड होता, लगेच सापडला. आम्ही मुद्दाम काच-छपराच्या माणसाचे शेवटचे दहा टक्के पैसे पाऊस पडेपर्यंत राखून ठेवले होते, त्यामुळे तो एका फोनवर आला. काम उन्हाळ्यात संपत असेल तर हे आधीच ठरवून लिहून घ्या.

आता मधल्या खोलीत सकाळी आठ ते संध्याकाळी साडेपाच दिवा लागत नाही, भर पावसातला दिवस सोडून. मेमध्ये पडदा सोडावा लागतो. चौकात आवाज घुमतो. वर फोनवर बोललेलं खाली स्वयंपाकघरात शब्दन् शब्द ऐकू येतं, आणि मुलीने त्याबद्दल तक्रार नोंदवली आहे. काच महिन्यातून एकदा पुसावी लागते, नाहीतर धुळीने उजेड सरळ कमी होतो. त्यासाठी छपरावर जायची पक्की शिडी आणि पट्टा अडकवायला कडी कामातच करून घ्या, मागाहून होत नाही.

भाऊजींच्या बाजूचा अर्धा चौक अजून पत्र्यांखालीच आहे. मधली चार इंची भिंत वाटणीची, तिला हात लावायचा प्रश्न नाही. पण त्यांचे पत्रे निघाले तर त्यांचीही मधली खोली उजळेल. वहिनींचं जवळजवळ ठरलंय. त्यांना अर्ज वेगळा करावा लागेल, आमच्या परवानगीवर त्यांचं काम बसत नाही, आणि मिळकत पत्रिकेवर त्यांच्याकडेही अजून वडिलांचंच नाव आहे. गेल्या सोमवारी भाऊजी वारस नोंदीचा नमुना मागायला आले होते, आमच्या अर्जाची झेरॉक्स दिली.